खोली नंतर बघा, आधी नळ सोडा

जुलै लागला की माझा फोन शांत बसत नाही. पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टर म्हणून माझी उभी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, तरी गावाकडचे, नात्यातले, जुन्या मुलींच्या ओळखीतले लोक फोन करतातच. "मॅडम, मुलीचा नंबर पुण्यात लागलाय. हॉस्टेल कुठलं बघू?" मी विचारते, आत्तापर्यंत काय काय बघितलंत? उत्तर ठरलेलं असतं. खोलीचे फोटो बघितले, वायफाय आहे, गादी मिळते, अटॅच्ड बाथरूम आहे.

गादी तीनशे रुपये भाड्यानेही मिळते हो. वायफाय पहिल्या सबमिशनच्या आठवड्यात रडायला लागतं आणि पोरं आपापल्या मोबाईलवर येतात. इतक्या वर्षांत माझ्याकडे खोली बदलून द्या, हॉस्टेल सोडायचंय, असे जे अर्ज आले त्यांत पडद्याचा किंवा गादीचा अर्ज एकही आठवत नाही. सगळे अर्ज पाण्याचे, मेसचे, गेटच्या वेळेचे आणि रूम पार्टनरचे. म्हणून यंदा बारावी होऊन पहिल्या वर्षाला बाहेरगावी निघालेल्या मुलांसाठी हे लिहायला घेतलंय. पुण्याची उदाहरणं देते कारण मला तेच शहर माहीत आहे. नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूरला गेलात तरी नळ तोच आणि मेसची रांगही तीच.

आधी तारखांचं बघा

बहुतेक घरांत समज असा असतो की कॉलेजला प्रवेश झाला म्हणजे हॉस्टेल आपोआप मिळतं. नाही मिळत. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांचे प्रवेश सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांतून होतात, पण हॉस्टेलचा अर्ज त्या त्या कॉलेजचा वेगळा, त्याची गुणवत्ता यादी वेगळी आणि मुदत बऱ्याचदा चार-पाच दिवसांची. ज्यांचा नंबर पहिल्या फेरीत लागतो ते आधी अर्ज भरतात. शेवटच्या फेरीतून येणारं मूल दारात उभं राहतं तेव्हा यादी भरलेली असते, आणि मग रेक्टरच्या टेबलासमोर आई डोळे पुसत बसते. त्या वेळी रेक्टरच्या हातात खरंच काही नसतं, प्रतीक्षा यादीत नाव लिहिण्यापलीकडे.

तेव्हा कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरतानाच प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे वहीत तीन गोष्टी लिहा. पहिल्या वर्षाला किती जागा आहेत, अर्ज कधी निघतो, आणि जागा कशावर देतात, गुणांवर की घर किती लांब आहे त्यावर. फोन प्रवेश विभागाला करू नका, थेट हॉस्टेल ऑफिसला करा. प्रवेश विभागातला माणूस "हो हो, होईल सोय" म्हणतो, कारण त्याला तुमचा प्रवेश हवा असतो.

चौथा प्रश्न कोणीच विचारत नाही: दुसऱ्या वर्षी काय? हॉस्टेलची जागा एका शैक्षणिक वर्षापुरती असते. काही ठिकाणी नव्या मुलांना आधी जागा देतात आणि जुन्यांना उरल्यासुरल्यातून. काही ठिकाणी एकदा आलं की नापास होईपर्यंत हलवत नाहीत. पुढच्या जूनमध्ये ट्रंक घेऊन रस्त्यावर यायचंय की नाही, हे या जुलैत कळलेलं बरं.

आणि पहिल्या फेरीत मिळालेलं कॉलेज ठेवून वरच्याची वाट बघत असाल, तर खाजगी हॉस्टेलला वर्षाचे पैसे एकरकमी भरू नका. मालक घाई करतात, "आज भरलेत तर शेवटचा बेड तुमचा". शेवटचा बेड ऑगस्ट संपेपर्यंत शेवटचाच असतो. फार तर टोकन द्या, आणि प्रवेश बदलला तर किती परत मिळेल ते पावतीवर लिहून घ्या.

नावात पुणे म्हणजे पुणे नव्हे

नकाशा उघडा. कॉलेजच्या नावात पुणे असतं आणि कॉलेज वाघोलीला असतं, आकुर्डीला असतं, तळेगावच्या पुढे असतं. आत्या कोथरूडला राहते म्हणून तिच्या गल्लीत हॉस्टेल घेऊन वाघोलीला रोज जाणारी मुलगी मी पाहिली आहे. दिवाळीपर्यंत तिने पहिलं लेक्चर सोडून दिलं होतं. वाघोलीला जाणाऱ्या नगर रस्त्यावर सकाळी काय गर्दी असते ते आत्याला विचारायला हवं होतं.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, सकाळी आठला पोचायला किती वाजता निघावं लागेल त्यात मोजा. चालत वीस मिनिटं असेल तर उत्तम. तसं नसेल तर एकाच वाहनात पोचता आलं पाहिजे. शिवाजीनगर भागातल्या कॉलेजांना वनाज ते रामवाडी मेट्रोचा उपयोग होतो. आयडियल कॉलनी, नळ स्टॉपच्या आसपास राहिलात तरी जिल्हा न्यायालय स्टेशनला (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट) उतरता येतं. आकुर्डी, तळेगावकडे जाणाऱ्यांनी लोणावळा लोकलच्या कडेने खोली शोधावी. दोन बस आणि मधे शेअर रिक्षा, असं कोणी सांगितलं तर तिथेच वही मिटा. पावसाळ्यात ते जमत नाही.

बघायला कधी जायचं

ऑफिसात तुम्हाला सांगतील, अकरा ते चार या. तेव्हा मुलं कॉलेजात असतात, जिने पुसलेले असतात, बाथरूम कोरडी असते. शिवाय एक आतली गोष्ट सांगते. आम्ही रेक्टर लोक खोटं बोलत नाही, पण दाखवायची खोली ठरलेली असते. माझ्याकडे ती पहिल्या मजल्यावरची, पूर्वेच्या खिडकीची होती. ती खोली आवरून ठेवणाऱ्या मुलींना आम्ही दर वर्षी तीच देत असू.

म्हणून ऑफिसची वेळ पाळून एकदा जा, आणि मग त्याच दिवशी रात्री आठच्या सुमारास परत जा. मुलींच्या हॉस्टेलात बाबांना, दादाला वर सोडत नाहीत, तेव्हा आई, मावशी, काकू कोणीतरी बरोबर हवी. वर जाता आलं नाही तरी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्या वर्षाची मुलं सापडतात. त्यांना "हॉस्टेल कसं आहे?" असं विचारू नका. "ठीक आहे" एवढंच ऐकू येईल. काल रात्री जेवायला काय होतं ते विचारा. तुझी आंघोळ किती वाजता होते? मागच्या वेळी आजारी पडलीस तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं? या वर्षी हॉस्टेल कोणी सोडलं, आणि का? शेवटच्या प्रश्नावर पोरं एकमेकांकडे बघून हसली, तर तिथे पाच मिनिटं जास्त थांबा.

आता नळ. खोली दाखवताना बाथरूममध्ये शिरा आणि नळ पूर्ण सोडा. संकोच करू नका, मी असते तर मला तुमचं कौतुकच वाटलं असतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या मजल्यांना जोरात येतं आणि सगळ्यात वरच्या मजल्याला सगळ्यात कमी दाबाने. वरच्या मजल्यावर बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. मग एक साधं गणित करा. सकाळी सात ते साडेआठ या दीड तासात, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर एका बाथरूममध्ये नऊ जणांची आंघोळ होते. एका बाथरूममागे बारा मुलं असतील तर तिघांना सहाला उठावं लागणार किंवा तसंच जावं लागणार. अटॅच्ड बाथरूम म्हणून खूश होऊ नका. खोलीत तिघं आणि बाथरूम एक, तिघांचंही लेक्चर आठला, तर भांडण ठरलेलं.

गरम पाणी सोलरचं आहे का विचारा. असेल तर पुढचा प्रश्न: ढगाळ दिवसांत काय? जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि नेमकी तेव्हाच तुम्ही राहायला आलेले असता. सोलरला विजेची जोड नसेल तर लोक चोरून हीटरचा रॉड आणतात, आणि मग एका संध्याकाळी सगळा मजला अंधारात जातो. पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी महापालिका बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते. त्या दिवशी टँकर येतो का, की "जपून वापरा" अशी चिठ्ठी लागते? बोअरचं पाणी असेल तर बादलीच्या कडेला पांढरे क्षार साचलेले दिसतील. प्यायच्या पाण्याच्या मशीनवर फिल्टर कधी बदलला याचा कागद चिकटवलेला आहे का, तो वाचा.

खोलीबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात बघायला जाताय याचा फायदा घ्या. भिंतीला हात लावा, कपाटाच्या मागे वास घ्या, ओल लगेच कळते. सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब एप्रिलमध्ये रात्री बारापर्यंत तापलेला असतो, आणि वार्षिक परीक्षा तेव्हाच असते. तळमजल्यावर डास. बाथरूमला लागून असलेल्या खोलीत पहाटे पाचपासून बादल्यांचा आवाज. प्रत्येक कॉटजवळ प्लग आहे का ते मोजा. चार लॅपटॉप आणि एक प्लग असेल तर एक्स्टेन्शनच्या वायरींवरून कोणीतरी पडतं. आणि कपडे कुठे वाळत घालायचे ते नक्की विचारा. हा प्रश्न मला एकाही बापाने विचारला नाही, आयांपैकी काहींनी विचारला. जून ते सप्टेंबर छताखालची दोरी नसेल तर तुमची जीन्स चौथ्या दिवशी कुबट वास मारत अंगावर चढते.

मेस

जेवणाचा तक्ता भिंतीवर असतो तो सरकारी योजनेसारखा वाचायचा, म्हणजे आदराने, पण भरवसा न ठेवता. गेस्टचे पैसे भरून एक वेळ तिथे जेवा. आईबाबांनाही जेवायला लावा. रविवार दुपारची फीस्ट खाऊन मत बनवू नका, तेव्हा सगळीकडेच श्रीखंड किंवा गुलाबजाम असतो. मंगळवारी, बुधवारी रात्री जा. आमटी तळाशी किती घट्ट आहे, भाजीत बटाटा सोडून दुसरं काही आहे का, पोळी गार झाल्यावर तुटते की ताणते, एवढं बघा. चवीचं म्हणाल तर त्यावर उपाय नाही. कोल्हापूरकडची मुलगी पुण्याच्या आमटीतला गूळ चाखून पहिला आठवडा रडकुंडीला येतेच. घरून चटणीचा डबा द्या, महिन्यात सवय होते.

चवीपेक्षा वेळ महत्त्वाची. नाश्ता आठला सुरू होत असेल आणि लेक्चरही आठला असेल, तर नाश्त्याचे पैसे वर्षभर फुकट. दुपारचं जेवण दोनला बंद होत असेल आणि प्रॅक्टिकलची बॅच अडीचला सुटत असेल, तर ताट झाकून ठेवतात का? रविवारी संध्याकाळी जवळजवळ सगळ्याच मेस बंद असतात. त्या दिवशी जवळपास पोळीभाजी केंद्र आहे का तेही बघून ठेवा, नाहीतर महिन्यातले चार रविवार वडापाववर जातात.

मग खाड्याचा नियम. गावाला गेलात, मेसला जेवला नाहीत, तर पैसे वजा होतात का? बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी वहीत लिहावं लागतं आणि सलग ठरावीक दिवस गैरहजर असाल तरच खाडा धरतात. दर शनिवार-रविवार साताऱ्याला घरी पळणाऱ्या मुलाला अशा नियमात एक रुपयाही परत मिळत नाही. त्याने मेस सक्तीची नसलेलं हॉस्टेल बघावं किंवा डबा लावावा. परीक्षेआधीच्या पीएलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या सुट्टीत, मेस चालू असते का हेही विचारा. नेमकी मुलं राहत असतात आणि आचारी गावाला गेलेला असतो, असं होतं.

गेट

मुलींच्या हॉस्टेलांची वेळ कडक, मुलांच्या हॉस्टेलांना वेळच नाही, हा अन्याय जुना आहे आणि माझ्या नोकरीत मला तो पूर्ण मोडता आला नाही. पण वेळ नऊ की दहा यावर अडून बसण्यापेक्षा उशीर झाल्यावर काय होतं ते विचारा. दंड? घरी फोन? की बाहेर उभं करतात? बाहेर उभं करणारं हॉस्टेल घेऊ नका, बाकी काहीही असो. मुलीला वळण लावायला तिला रात्री रस्त्यावर ठेवणारा माणूस तिची काळजी घेत नसतो.

मराठवाड्यातल्या मुलांसाठी खास प्रश्न. लातूर, नांदेडची रात्रीची एसटी पहाटे चारला वाकडेवाडीला सोडते. त्या वेळी गेट उघडतं का? काही ठिकाणी सहाशिवाय कुलूप निघत नाही, आणि दोन तास स्टँडवर बॅग मांडीवर घेऊन बसावं लागतं. वॉचमन रात्री खरंच असतो का, की नावाला, हेही त्यातून कळतं.

रॅगिंगचं थोडक्यात. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत किंवा विंगमध्ये ठेवायचं असतं, आणि तशी सोय नसेल तर मोठ्या मुलांच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवणं कॉलेजवर बंधनकारक असतं. तेव्हा "फर्स्ट इयर कुठल्या मजल्यावर?" असं विचारा. उत्तर पटकन आलं तर तिथे कोणीतरी लक्ष घालतंय. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ फोनमध्ये टाकून ठेवा.

कॉलेजचं, खाजगी की कॉट बेसिस

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. पहिलं वर्ष कॉलेजच्या हॉस्टेलात काढा, ते खाजगीपेक्षा थोडं जुनाट असलं तरी. पहिल्या सेमिस्टरला वर्गात कोण काय सांगतंय तेच समजत नाही. कुठल्या प्रॅक्टिकलची फाइल उद्या द्यायचीय, कोणत्या सरांची सही आधी घ्यायची, हे सगळं रात्री अकराला कॉरिडॉरमध्ये कळतं. ताप आला तर शेजारची खोली उघडी असते. दुसऱ्या वर्षी खुशाल फ्लॅट घ्या.

कॉलेजचं मिळालंच नाही तर खाजगी हॉस्टेल. इथे चकचकीत फलकाला भुलू नका, कागद वाचा. वर्षाचे पैसे दहा महिन्यांचे की बारा? मे-जूनमध्ये सामान ठेवता येतं का? वीज मीटरप्रमाणे वेगळी की धरून? मधे सोडलं तर किती महिन्यांची नोटीस आणि डिपॉझिट किती दिवसांत परत? "रंगाचे पैसे" म्हणून डिपॉझिटमधून काय काय कापतात ते आधी लिहून घ्या. आणखी एक. माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाच्या राहण्याच्या भाड्यावर १५ जुलै २०२४ पासून जीएसटी माफ आहे. वर्षभरासाठी राहायला येणाऱ्या मुलाच्या खोलीच्या भाड्यावर कोणी जीएसटी लावलाच, तर कुठल्या नियमाने, असं शांतपणे विचारा. बऱ्याचदा तो आकडा तिथल्या तिथे गळून पडतो.

सदाशिव पेठ, नवी पेठेत कॉट बेसिस मिळते, म्हणजे खोली नव्हे, एका कॉटपुरती जागा भाड्याने. स्वस्त, जवळ, वाडा असेल तर उन्हाळ्यात गार. पण तिथले बाकीचे कॉटवाले एमपीएससीचे असतात, पंचविशीतले, अभ्यासिकेतून रात्री येऊन गप्प झोपणारे. स्वभावाने चांगले असतात, त्याबद्दल तक्रार नाही. अठरा वर्षांचं पोर मात्र त्या शांततेत एकटं पडतं. ज्याला मुळातच एकांत लागतो त्याला चालेल.

चौघांनी मिळून फ्लॅट घ्यायचा तर करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही" हे ब्रोकरचं वाक्य खोटं आहे. करारावर चौघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर असेल आणि तो मार्चमध्ये सोडून गेला, तर बाकी तिघं कोणाच्या हक्काने राहणार? सोसायटीला विद्यार्थी चालतात का हेही मालकाला नव्हे, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

पैशाचं गणित जुळत नसेल तर

या भागावर नीट थांबा, कारण इथे माहिती नसल्याने मुलं शिक्षण सोडतात. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची सरकारी वसतिगृहं आहेत, राहणं-जेवण मोफत. त्यांचे अर्ज कॉलेजच्या प्रवेशाबरोबरच भरायचे असतात. तिथे नंबर लागला नाही तर भत्त्याच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरली: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर असतो. प्रत्येकीला आपापल्या अटी आहेत, आणि कॉलेजच्या गावातच घर असलं तर चालत नाही. पैसे नंतर खात्यावर येतात, म्हणून पहिले काही महिने स्वतःच्या खिशातून चालवायची तयारी ठेवा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते गावाकडे असतानाच तपासा. इथे आल्यावर त्यासाठी परत जावं लागतं.

संस्थांची वसतिगृहंही विसरू नका. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची सोय करते. तिथे मुलाखत होते, शिस्त आहे, कामाची सवय लावतात. ज्याला ते जमेल त्याचं सोनं होतं. आपापल्या समाजाच्या ट्रस्टची वसतिगृहं जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात असतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती नेमकी ठाऊक असतात. कोल्हापूरला तर ती परंपराच आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत, दलित अशी एकामागून एक वसतिगृहं त्या गावात उभी राहिली. माझे वडील अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले, म्हणून या जागांविषयी मी थोडी पक्षपाती आहे.

रूम पार्टनर आणि फॉर्ममधले रकाने

फॉर्ममध्ये "कोणाबरोबर राहायला आवडेल" असा रकाना असतो. तिथे बारावीतल्या जिवलग मैत्रिणीचं नाव लिहायची फार घाई असते. दोघींची खोली असेल तर लिहा. तिघींची असेल तर नका लिहू. एका गावच्या दोघी आणि तिसरी परकी, अशा खोलीत त्या तिसरीचा अर्ज दिवाळीच्या आत माझ्या टेबलावर यायचा, आणि ती गेली की जिवलग दोघींची आपापसात जुंपायची. त्यापेक्षा झोपेची वेळ जुळणारी माणसं शोधा. दिवा रात्री एकपर्यंत लागतो की दहाला बंद होतो, यावर वर्ष अवलंबून असतं. जात, गाव, शाखा, मार्क यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

लोकल गार्डियन म्हणून सर्वांत प्रतिष्ठित काकांचं नाव देऊ नका. रात्री दोनला फोन उचलणारं माणूस द्या. मी रात्री दोनला असे फोन लावले आहेत, आणि प्रतिष्ठित काकांचा फोन सायलेंटवर असतो.

आजार लपवू नका. दमा, फिट्स, मधुमेह, चालू असलेल्या गोळ्या, सगळं लिहा. हे कळलं तर जागा देणार नाहीत, अशी आईबाबांना भीती असते. रेक्टर त्याचा उपयोग खालच्या मजल्यावरची खोली द्यायला आणि कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते ठरवायला करते.

राहायला याल त्या दिवशी सामान लावायच्या आधी खोलीचे फोटो काढा: फुटलेली काच, मोडका कपाटाचा कडी-कोयंडा, भिंतीवरची जुनी रेघ. ते ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, म्हणजे मे महिन्यात तुमच्या डिपॉझिटमधून जुन्या काचेचे पैसे जाणार नाहीत. कुलूप स्वतःचं आणा, किल्ल्या तीन करा, एक लोकल गार्डियनकडे द्या.

आणि खोली नाहीच जमली तर? पहिल्या आठवड्यात बदलून मागू नका, तेव्हा एकही जागा रिकामी नसते आणि रेक्टर वैतागलेली असते. कॅपच्या फेऱ्या संपल्या की काही मुलं दुसऱ्या कॉलेजला जातात, काही शाखा बदलून निघून जातात, काहींना घरची ओढ परत नेते. दिवाळीच्या सुट्टीनंतर या रिकाम्या जागांचा हिशेब ऑफिसला लागतो. तेव्हा लेखी अर्ज द्या. कारण एकच आणि खरं लिहा, रूम पार्टनरची निंदा करू नका. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. खोली बदलायचे अर्ज आम्ही आले त्या क्रमाने फाइलला लावतो, आणि जागा निघाली की फाइल वरून उघडतो.